राजखानाचा आंबागड

भंडाऱ्याची ओळख विचारली तर माणसं तलाव सांगतात, तांदूळ सांगतात, पितळेची भांडी सांगतात. किल्ला कुणी सांगत नाही. किल्ले म्हणजे पुण्या-साताऱ्याकडचे, असं आपण शाळेपासून धरून बसलो आहोत. तुमसर तालुक्यात, सातपुड्याच्या टेकड्या जिथे धानाच्या बांध्यांना येऊन टेकतात, तिथे आंबागड नावाचं लहानसं गाव आहे आणि त्याच्या डोक्यावर त्याच नावाचा डोंगरी किल्ला आहे. गोंड राजाच्या हुकुमाने एका पठाण सुभेदाराने तो बांधला. पुढे नागपूरकर भोसल्यांनी तुरुंग म्हणून वापरला. तुमसरात आयुष्य गेलेली, पण या गडावर एकदाही न गेलेली माणसं मला पुष्कळ भेटली. बाहेरच्यांचं तर सोडाच, त्यांना आंबागड म्हटलं की छत्तीसगडमधलं अंबागढ चौकी आठवतं.

रमजानच्या पानावर किल्ला कशाला, असं कुणी विचारेल. बांधणारा मुसलमान होता म्हणून नाही, एवढं आधीच सांगतो. त्याची गोष्ट पुढे येईल, तेव्हा वाचकांनीच ठरवावं. पण आधी गाव पाहू. किल्ले पाहायला जाणारी माणसं पायथ्याच्या गावातून गाडीच्या काचा वर करून जातात, ते मला पटत नाही.

तुमसरहून निघालं की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बांध्या लागतात. ज्या महिन्यात मी हे लिहितो आहे त्या महिन्यात त्यातल्या बहुतेक रिकाम्या असतात. जिथे पाणी पोहोचतं तिथे उन्हाळी धान हिरवा दिसतो, बाकीकडे फक्त खुंट. मग हळूहळू जमीन वर चढू लागते, बांध्या लहान होतात, धुऱ्यांवर पळसाची आणि मोहाची झाडं येतात आणि समोर डोंगराची निळसर भिंत उभी राहते. ही भिंत ओलांडली की मध्य प्रदेश. इथल्या बोलण्यात म्हणूनच तीन-चार भाषा मिसळलेल्या असतात. झाडीबोली आहे, पोवारी आहे, गोंडी अजून काही घरांत आहे आणि बाजारातली हिंदी सगळ्यांची आहे. प्रत्येक वाक्याच्या शेवटी ‘जी’ येतो. पुण्यामुंबईचा माणूस त्याला आदर समजतो. आदर असतोच, पण ती सवयही असते.

मार्च लागला की मोह गळू लागतो. मोहाचं फूल रात्री उमलतं आणि पहाटे गळतं. ते उजाडायच्या आत वेचावं लागतं, नाहीतर उन्हाने मऊ पडतं, किंवा गुरं, हरणं, अस्वलं खाऊन जातात. त्यामुळे आमच्या शहरात सेहरीसाठी ज्या वेळी घराघरांत दिवे लागतात, त्याच वेळी या पायथ्याच्या गावांतही हालचाल सुरू होते. बाया टोपली घेऊन, लेकरू सोबत घेऊन, आपल्या ठरलेल्या झाडाखाली जातात. कोणतं झाड कुणाचं, हे कागदावर नसलं तरी गावाला पाठ असतं. फजरची नमाज आटोपून मी एकदा त्या रस्त्याने गेलो तेव्हा अंधारात झाडाखाली वाकलेल्या पाठी दिसत होत्या आणि साऱ्या हवेत तो गोडसर, थोडा आंबूस वास भरलेला होता.

मोह म्हटलं की शहरातल्या माणसाला दारू आठवते आणि मुसलमान वाचक तर लगेच नाक मुरडतो. पण वाळवलेलं फूल हे या भागातलं अन्न आहे. त्याची भाकर होते, लाडू होतात, दुष्काळात पिढ्यानपिढ्या माणसं त्यावर जगली आहेत. बियांचं तेल निघतं. दारूबंदीच्या जुन्या कायद्यामुळे मोहफूल गोळा करण्यावर आणि घरात साठवण्यावर कितीतरी वर्षं बंधनं होती. म्हणजे बाईने पहाटे उठून वेचलेलं फूल घरात किती ठेवावं हे सरकार ठरवत होतं. २०२१ मध्ये राज्य सरकारने ती बंधनं उठवली. वनहक्क कायदा २००६ सालचा. त्याने गौण वनोपजावर जंगलात राहणाऱ्यांचा मालकी हक्क मान्य केला होता. दोन कागदांमध्ये पंधरा वर्षांचं अंतर.

या वेचणीला एक काळी बाजूही आहे. फुलं स्वच्छ दिसावीत म्हणून झाडाखालचा पाला जाळतात आणि ती आग कधी कधी जंगलात शिरते. आणि पहाटेच्या अंधारात वाकलेल्या बाईवर वाघाने किंवा अस्वलाने हल्ला केल्याची बातमी पूर्व विदर्भातल्या कुठल्या ना कुठल्या जिल्ह्यातून दर उन्हाळ्यात येतेच. ती बातमी आपल्या वर्तमानपत्रात आतल्या पानावर, चार ओळींत असते.

मोहानंतर चार येतो, चारानंतर तेंदू. चाराची लहान काळी फळं एप्रिल-मेमध्ये पिकतात. फळाच्या आतलं कवच फोडलं की चारोळी. ईदच्या सकाळी शीरखुर्म्यात बदाम-पिस्त्याच्या सोबतीला जी चारोळी पडते, ती कुठल्याशा बागेत पिकत नाही. ती अशाच डोंगरातल्या कुणी बाईने वेचलेली, भिजवलेली, जात्यावर फोडलेली असते. दुकानात आपण ती ग्रॅमच्या हिशेबाने घेतो आणि महाग झाली म्हणून कुरकुरतो. बस्तरच्या बाजारांत एके काळी व्यापारी आदिवासींकडून मिठाच्या बदल्यात चारोळी घेत. मीठ देऊन चारोळी! जकातीचा हिशेब करणाऱ्या आमच्या व्यापारी भावांनी, हिंदू असोत की मुसलमान, हा जुना हिशेबही कधीतरी मांडून पाहावा.

पूर्वी इफ्तारीला पळसाच्या पानांचे द्रोण असत. फळांचे तुकडे, भिजवलेली चणाडाळ, भजी त्यात वाढली जायची. आता कागदी आणि थर्माकोलच्या वाट्या आल्या. पळस मात्र याच महिन्यात इथल्या धुऱ्यांवर लालभडक फुललेला असतो आणि पानं झडलेली असतात, म्हणून द्रोणांची पानं आधीच तोडून, वाळवून ठेवावी लागत. हे काम करणाऱ्या बाया अजून आहेत, गिऱ्हाईक कमी झालं.

शेजारी मोहाडी तालुक्यात आंधळगाव आहे, कोशाच्या कापडाचं. ऐनाच्या झाडांवर कोसा पाळायचं काम ढिवरांनी करायचं, विणायचं कोष्ट्यांनी. आंधळगावचं कोशाचं कापड अजून ओळखलं जातं. तुमसर ही तांदळाची मोठी बाजारपेठ. आपल्या चिन्नोर तांदळाला भौगोलिक मानांकन मिळालं आहे हे आता सगळ्यांना माहीत आहे, पण तो पिकवणाऱ्याच्या घरी रोज तोच शिजतो असं मात्र समजू नका.

आणि डोंगराच्या पोटात मँगनीज. डोंगरी बुजुर्ग आणि चिखला या खाणी याच तालुक्यातल्या, ‘मॉइल’च्या. चिखल्याला माणसं जमिनीखाली उतरतात. डोंगरी बुजुर्गला उघडी खाण आहे आणि तिथलं मँगनीज डायऑक्साइड बॅटरीचे सेल बनवायला जातं. घड्याळात, रिमोटमध्ये, जुन्या टॉर्चमध्ये आपण जो सेल घालतो, त्याच्यात या डोंगराचा काळा चुरा असू शकतो. तुमसर रोडहून तिरोडीकडे जाणारी रेल्वेची फाट्याची लाइन या खनिजासाठीच जंगलात शिरली. पलीकडे बावनथडी नदीवर महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशाचं मिळून धरण झालं. त्याचं पाणी खालच्या बांध्यांना मिळालं, आणि पोटातल्या गावांना उठावं लागलं. गरीब प्रदेश म्हणून आपण ज्याचा उल्लेख करतो, त्याच्यातून तांदूळ, मँगनीज, तेंदू, चारोळी, पाणी असं सगळं बाहेर जात असतं. प्रदेश गरीब नाही, तिथली माणसं गरीब आहेत. हा फरक मला तिथे जाऊनच नीट कळला.

जवळच गायमुख आहे. लोक त्याला लहान महादेव म्हणतात. ज्यांना पचमढीच्या मोठ्या महादेवापर्यंत जाणं जमत नाही, ते इथे येतात. महाशिवरात्रीला मोठी यात्रा भरते. अलीकडे रमजान आणि महाशिवरात्र एकमेकांच्या जवळ येऊ लागले आहेत. चंद्राचं वर्ष दहा-अकरा दिवसांनी मागे सरकतं, म्हणून काही वर्षं असं होतं, पुन्हा ते लांब जातील. यात्रेतून परतणाऱ्या आणि रोजाची खरेदी करणाऱ्या माणसांची तुमसरच्या बाजारात एकच गर्दी होते, आणि केळीवाल्याला दोन्हींचा आनंद असतो.

आता गड.

वाटेवर पायऱ्या आहेत, चढण दमवणारी आहे पण अवघड नाही. पायथ्याशी एका घरासमोर मावशी मोहफुलं वाळत घालत होती. तिने विचारलं, “कोठी जाता जी? गडावर?” मी हो म्हटलं. ती तांब्या आणायला वळली, तेव्हा मी रोजा असल्याचं सांगितलं. “मंग पानी कसं देऊ तुमाले?” ती क्षणभर अडली. “सावलीत तरी बसा घडीभर. ऊन लय हाये.” बसलो. गड कुणाचा, असं विचारल्यावर शेजारच्या बाबांनी उत्तर दिलं, “राजाखानचा म्हनतात. राजाखान कोन, ते आमाले ठावं नाही.”

हेच माझ्या मनात राहिलं. नाव गावाने तीनशे वर्षं सांभाळलं आहे, माणूस हरवला आहे.

वर दगडी तटबंदी आहे, बुरूज आहेत, दरवाजा आहे, आणि त्यात झाडांची मुळं शिरली आहेत. तटावरून दक्षिणेला पाहिलं की सगळं मैदान पसरलेलं दिसतं. उत्तरेला एकामागे एक डोंगर. किल्ला इथेच का बांधला, ते समजायला इतिहासाचं पुस्तक लागत नाही. सिवनीच्या पठारावरून वैनगंगेच्या सखल मुलखात जो उतरेल, तो या टेकड्यांच्या नजरेखालून जाणार.

भंडारा जिल्ह्याच्या जुन्या गॅझेटियरमध्ये या किल्ल्याबद्दल थोडक्यात माहिती आहे. साधारण १७०० च्या सुमारास, देवगडचा गोंड राजा बख्तबुलंद शाह याच्या राज्यात या भागाचा कारभार पाहणाऱ्या राजाखान पठाणाने तो बांधला. पुढे भोसल्यांच्या काळात इथे कैदी ठेवत, आणि आतल्या विहिरीचं साचलेलं, विषारी पाणी त्यांना पाजून संपवत, असं सांगितलं जातं. विष कुणी मुद्दाम घातलं असेल असं मला वाटत नाही. बंद विहिरीतल्या कुजक्या पाण्याला निराळं विष लागत नाही. रोजा असताना घसा कोरडा पडलेल्या माणसाने त्या विहिरीत डोकावणं निराळंच. माझी तहान मी घेतलेली होती आणि संध्याकाळी अजानबरोबर सुटणार होती. त्या कैद्यासमोर तहान किंवा ते पाणी, एवढंच होतं. यात भोसल्यांनाच नावं ठेवावीत असंही नाही. किल्ला म्हातारा झाला की त्याचा तुरुंग करायचा, ही सगळ्याच राजवटींची रीत आहे. आपल्या भंडारा शहरातल्या जुन्या किल्ल्यातही तुरुंगच झाला.

आता राजाखान कोण, ते. भंडाऱ्याच्या कागदांत तो एवढ्यावरच संपतो. पुढचं डोंगरापलीकडे, सिवनीच्या नोंदींत सापडतं. तिथे त्याचं नाव राजखान असं येतं.

त्याआधी त्याच्या धन्याची ओळख हवी. देवगड आज मध्य प्रदेशच्या छिंदवाडा जिल्ह्यात आहे. तिथला हा गोंड राजा वारसाच्या भांडणात मदत मागायला औरंगजेबाच्या दरबारी गेला, तिथे त्याने इस्लाम स्वीकारला आणि १६८६ मध्ये गादी मिळवून परतला. बख्तबुलंद म्हणजे थोर नशिबाचा. पण तो दिल्लीच्या ताटाखालचं मांजर राहिला नाही. औरंगजेब दक्षिणेत मराठ्यांशी लढण्यात गुंतलेला पाहून याने मोगलांच्याच मुलखात धाडी घातल्या. बादशहा इतका चिडला की याला ‘निगूनबख्त’ म्हणा, म्हणजे फुटक्या नशिबाचा, असा हुकूम त्याने काढला. एकाच बादशहाकडून आधी चांगलं आणि मग वाईट नाव मिळवणारा राजा दुसरा मला ठाऊक नाही. याच बख्तबुलंदने १७०२ मध्ये बारा वस्त्या जोडून नागपूर वसवलं. त्याचा मुलगा चांद सुलतान याने नागपुरात जुम्मा तलाव बांधला. जुम्म्याचं मराठी शुक्रवार, म्हणून तो शुक्रवारी तलाव झाला, आणि आज आपण त्याला गांधीसागर म्हणतो. एका तलावाला तीन नावं, आणि तिन्ही आपलीच.

राजघराणं मुसलमान झालं, पण त्याच्या सोयरिकी गोंडांशी चालूच राहिल्या, गोंडांच्या रीती घरात राहिल्या. बख्तबुलंदने हिंदू आणि मुसलमान असा भेद न करता कामाची माणसं गोळा केली, बाहेरून शेतकरी आणि कारागीर आणून वसवले. नागपूरचा इंग्रज रेसिडेंट रिचर्ड जेन्किन्स याने १८२७ च्या आपल्या अहवालात त्याचं मोठेपण मान्य केलं आहे आणि पुढे मराठ्यांचा कारभार नीट चालला त्याचा पाया याने घातला होता असं म्हटलं आहे.

अशा राजाकडे राजखान आला, तो एका अस्वलामुळे. गोष्ट अशी सांगतात, की बख्तबुलंद सिवनीच्या जंगलात शिकारीला गेला होता. जखमी अस्वल त्याच्यावर उलटलं. तिथे असलेल्या एका अनोळखी पठाणाने पुढे होऊन राजाला वाचवलं. राजाने त्याला चाकरीत घेतलं आणि डोंगरतालचा मुलूख दिला. डोंगरताल आज रामटेककडे, पेंचच्या जंगलाच्या बाजूला आहे. तेव्हा तो भाग म्हणजे नुसतं रान होतं. म्हणजे बक्षीस म्हणून राजाने त्याला जंगल दिलं आणि सांगितलं, याचा मुलूख करून दाखव. ज्याने मोहाच्या दिवसांत सातपुड्यातलं अस्वल पाहिलं आहे, त्याला ही गोष्ट दंतकथा वाटणार नाही.

राजखान इकडे धर्म पसरवायला आला नव्हता, नोकरी शोधत आला होता. त्या काळात पठाण शिपाई देशभर असेच हिंडत. ज्याचं मीठ खायचं त्याच्यासाठी लढायचं. त्याचं मीठ एका गोंडाचं होतं. किल्ल्याचे दगड ज्यांनी वाहिले, रचले, ते कोण होते ते कुणी लिहून ठेवलं नाही, पण ते काबूलहून आले नव्हते हे नक्की. आजकाल प्रत्येक किल्ला, प्रत्येक गावाचं नाव, प्रत्येक तलाव आमचा की तुमचा हे ठरवायची घाई झाली आहे. आंबागडावर ती पाटी लावायला कुणी आलाच, तर त्याची पंचाईत होईल. आणि आमच्यातला एखादा ‘हा तर मुसलमानाने बांधलेला’ म्हणून छाती फुगवत आला, तर त्यालाही मी हेच सांगेन, की बांधून घेणारा राजा गोंड होता ते विसरू नकोस, आणि या दगडांखाली घाम कुणाचा आहे ते आधी विचार.

राजखानाने पुढे सानगडीही घेतली. सानगडी आपल्याच जिल्ह्यात, साकोली तालुक्यात. तुमसरच्या डोंगरापासून अगदी निराळा मुलूख, कोहळ्यांनी बांधलेल्या तलावांचा. गोंड राजांच्या काळात जो तलाव बांधेल त्याला त्याच्या पाण्याखाली भिजणारी जमीन, असा कौल असे. त्या हिकमतीवर कोहळ्यांनी हजारो तलाव आणि बोड्या बांधल्या आणि आपला जिल्हा तलावांचा जिल्हा झाला. १९९९ मध्ये गोंदिया वेगळा झाला तेव्हा नवेगावबांधसारखे मोठे तलाव तिकडे गेले, सानगडी इकडे राहिली. तिथेही किल्ल्याचे अवशेष आहेत, आणि आंबागडची गोष्ट पुरी होते ती तिथेच.

चांद सुलतान १७३८ च्या सुमारास वारला आणि देवगडच्या घरात पुन्हा गादीचं भांडण लागलं. त्याची विधवा राणी रतनकुंवर हिने वऱ्हाडातून रघुजी भोसल्यांना मदतीला बोलावलं. रघुजींनी तिच्या मुलांना गादी मिळवून दिली, मोबदला घेतला आणि गेले. मग त्या भावाभावांतच फूट पडली. रघुजी पुन्हा आले, आणि १७४३ पर्यंत सारी सत्ता त्यांच्या हातात गेली. गोंड राजा नावापुरता नागपुरात राहिला, पेन्शनीवर. त्याचे वंशज पुढेही नागपुरातच राहिले.

या सगळ्या पडझडीत राजखानाचा मुलगा महंमदखान सानगडीत होता. त्याचे धनी संपत आले होते. सारा मुलूख जिंकणाऱ्याच्या बाजूला गेला होता. त्याने मात्र किल्ला सोडला नाही. सिवनीकडच्या नोंदी सांगतात, की देवगड घराण्याच्या नावाने त्याने सानगडी तीन वर्षं लढवली. रघुजींसारख्या सेनापतीला हा लहानसा किल्ला कायमचा जड होता असं नाही. पण शेवटी त्यांनी केलं ते असं, की या माणसाचं इमान पाहून त्यालाच निरोप पाठवला, सानगडी दे आणि सिवनीचा कारभार घे. १७४३ मध्ये महंमदखान सिवनीचा दिवाण झाला. एक खंड सोडला तर १८१८ मध्ये इंग्रज येईपर्यंत ती दिवाणगिरी याच पठाण घराण्याकडे राहिली, नागपूरच्या भोसल्यांच्या चाकरीत. यांच्यापैकीच महंमद अमीनखानाने १७७४ मध्ये छपारा सोडून सिवनीला ठाणं केलं, आणि आजचं सिवनी शहर वसलं.

रघुजींनी हे केवळ मोठ्या मनाने केलं असं मी म्हणणार नाही. ते मुत्सद्दी होते. डोंगरापलीकडचा नवा मुलूख सांभाळायला विश्वासाचा माणूस हवा होता, आणि जो पडलेल्या धन्याशी बेइमान झाला नाही तो उद्या आपल्याशीही होणार नाही, एवढा हिशेब त्यांना येत होता. पण हा हिशेब करताना त्यांनी समोरच्याचा धर्म मध्ये आणला नाही. आणि महंमदखानानेही, मराठ्याची चाकरी कशी करू, असं म्हटलं नाही. ठेव सांभाळायची असते. धनी असेपर्यंत त्याची, तो मोकळा झाला की पुढची. आमच्याकडे रमजानमध्ये मौलवी साहेब ‘अमानत’ या शब्दावर बोलतात. दुसऱ्याची वस्तू आपल्याकडे ठेवलेली असेल तर ती जशीच्या तशी परत जायला हवी. दर वर्षी उदाहरणं अरबस्तानातली देतात. साकोली तालुक्यातलं हे उदाहरण द्यायला काही हरकत नाही.

शाळेच्या पुस्तकात यातलं काही नाही. सिवनी आणि भंडारा एके काळी एकाच मध्य प्रांतात होते. राज्यं भाषावार झाली आणि ही गोष्ट मधोमध कापली गेली. अस्वल तिकडे राहिलं, किल्ले इकडे आले. तुमसरच्या एखाद्या शाळेने सहल काढून मुलांना एक दिवस आंबागड आणि दुसऱ्या दिवशी सानगडी दाखवली, तर दोन दिवसांत गोंड, मोगल, पठाण, भोसले, कोहळी, इंग्रज असे सगळे मुलांच्या पायाखाली येतील. त्यासाठी महाबळेश्वरपर्यंत बस न्यावी लागत नाही.

जायचं असेल त्यांच्यासाठी थोडं. रेल्वेने आल्यास मुंबई-हावडा मार्गावर तुमसर रोड स्टेशनला उतरा. स्टेशन देव्हाडीला आहे, तुमसर शहर तिथून थोडं आत. पुढे आंबागडसाठी स्वतःची गाडी किंवा ऑटो बरा. पावसाळ्यानंतर गेलात तर डोंगर हिरवा असतो, पण गवतात वाट नीट दिसत नाही आणि सापाची भीती असते. हिवाळा सगळ्यात चांगला. मार्चमध्ये पळस आणि मोह दोन्ही मिळतात, मात्र सकाळी लवकर चढा. मोहाच्या झाडाखालून जाताना फुलं तुडवू नका, तो कुणाचा तरी दिवसाचा रोज असतो. गायमुख त्याच दिवसात होतं. गडावर पिण्याचं पाणी मिळेल असं धरून चालू नका. रोजा असेल तर गोष्ट वेगळी, नाहीतर पायथ्याच्या कुठल्याही घरी मागा, तांब्या भरून मिळतो.